शहरात राहावं की उपनगरात? खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर बदलायच्या विचारात असलेले ओळखीतले लोक मला सारखे हे प्रश्न विचारतात, कारण मी दोन्हीकडे राहिलोय, आधी शहराच्या मधोमध भाड्याच्या छोट्या घरात आणि नंतर उपनगरात मोठ्या घरात, आणि दोन्हीकडे महिन्याचा खर्च वहीत लिहायची सवय होती. फोनवर प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून काढलं. कुठल्याही एका शहराचे दर यात मुद्दाम दिलेले नाहीत, ते दर वर्षी बदलतात, पण हिशोबाची पद्धत तीच राहते.

उपनगरात राहणं शहरापेक्षा स्वस्त पडतं का?

भाडं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं, राहणं स्वस्त पडेल का ते तुमच्या घरातली किती माणसं रोज शहरात जातात यावर आहे. माझं स्पष्ट मत सांगतो, एकच माणूस शहरात जाणार असेल आणि घर मोठं हवं असेल तर उपनगर बहुतेक वेळा फायद्याचं, आणि दोघंही रोज शहरात जाणार असतील आणि दोन खोल्यांत भागत असेल तर आधी नीट गणित मांडा, कारण भाड्यात वाचलेला पैसा प्रवासात जातो आणि वर दिवसातले दोन तास जातात ते वेगळेच.

शहरापासून लांब जाऊ तसं भाडं कमी का होतं?

हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही पण सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. १८२६ मध्ये योहान हाइनरिश फॉन थ्युनेन नावाच्या जर्मन जमीनदाराने शेतजमिनीबद्दल एक साधी गोष्ट मांडली, की बाजारापासून जमीन जितकी लांब तितका माल वाहून न्यायचा खर्च जास्त, म्हणून त्या जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, कमी. मग १९६४ मध्ये विल्यम अलॉन्सो या अभ्यासकाने तोच विचार शहरातल्या घरांना लावला, मालाच्या जागी माणूस, बाजाराच्या जागी ऑफिस.

म्हणजे उपनगरातलं भाडं कमी असतं ते घरमालक उदार आहे म्हणून नाही. तिथे राहणाऱ्या साधारण माणसाला रोज प्रवासाला जो पैसा आणि वेळ लागतो तो बाजाराने भाड्यातून आधीच वजा करून टाकलेला असतो. ही सूट प्रवासाच्या बदल्यात मिळते. यातून एक गोष्ट आपोआप निघते आणि मला ती कळायला फार उशीर लागला: तुमचा प्रवास तिथल्या इतर लोकांपेक्षा कमी असेल तरच ती सूट खरी तुमच्या पदरात पडते. नोकरी उपनगरातच असलेला माणूस, घरून काम करणारा, रिटायर झालेलं जोडपं, यांना सूट मिळते पण तिची किंमत मोजावी लागत नाही. आणि ज्याचा प्रवास इतरांपेक्षा जास्त आहे, म्हणजे समजा ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, त्याला सूट तेवढीच मिळते आणि किंमत मात्र जास्त मोजावी लागते.

तुलना करायला नक्की कुठले खर्च धरायचे?

घराचा खर्च म्हणजे भाडं किंवा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, पाणी, गॅस, इंटरनेट. प्रवासाचा खर्च, घरातल्या प्रत्येक माणसाचा वेगळा, आणि फक्त ऑफिसचा नाही तर क्लास, दवाखाना, नातेवाईक सगळा धरून. रोजचं सामान. मुलांची शाळा आणि ने-आण. बाहेर जाणं-येणं. आणि शेवटी वेळ, ज्याचं बिल कधी येत नाही म्हणून तो यादीत येत नाही.

एक चूक बहुतेक सगळे करतात, मीही केली. शहरातल्या आजच्या खऱ्या खर्चाची तुलना उपनगरातल्या मनातल्या खर्चाशी करायची. शहराचा आकडा अनुभवाचा असतो, त्यात अडीअडचणीच्या रिक्षा-टॅक्सीपासून सगळं आलेलं असतं, आणि उपनगराचा आकडा म्हणजे घर दाखवणाऱ्याने सांगितलेलं भाडं अधिक गाडीचा पास. अशी तुलना केली तर उपनगर नेहमीच जिंकणार. त्यापेक्षा तिथे आधीपासून राहणाऱ्या, तुमच्यासारखंच कुटुंब असलेल्या एखाद्या घराला त्यांचा मागच्या महिन्याचा खर्च विचारा, लोक सांगतात, अगदी मोकळेपणाने सांगतात.

एखादं उदाहरण आकड्यांनी दाखवाल का?

दाखवतो, पण हे मानलेले आकडे आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा दोघं कमावतात आणि दोघांचं मिळून महिन्याचं उत्पन्न १०० आहे. शहरात भाडं ३८, प्रवास ५, किराणा आणि घरसामान २०, बिलं ६, बाहेरचं ६, एकूण ७५. उपनगरात भाडं २४, प्रवास १३, किराणा १९, बिलं ८ (घर मोठं म्हणून), बाहेरचं ५, एकूण ६९.

भाड्यातली बचत १४ दिसते आणि हातात राहते ६. घर बदलताना माणूस डोळ्यासमोर १४ ठेवतो आणि सहा महिन्यांनी त्याला कळत नाही की पैसे चाललेत कुठे.

आता वेळ. दोघांनाही जाताना ५५ मिनिटं आणि येताना ५५ मिनिटं जास्त लागतात असं धरा, महिन्याचे कामाचे २२ दिवस, म्हणजे प्रत्येकी साधारण ४० तास, दोघांचे ८० तास. दोघं दिवसाला ८ तास काम करतात म्हणजे महिन्याला मिळून ३५२ तासांत १०० कमावतात, तासाला ०.२८. प्रवासाच्या तासाला याच्या निम्मीच किंमत लावली तरी ८० तासांचे ११ च्या वर होतात. म्हणजे ६ वाचवण्यासाठी ११ खर्च झाले. दोघांपैकी एकाच्याच वेळेत वाढ होणार असेल तर वेळेची किंमत ६ च्या जरा खाली येते, प्रवासाचा खर्चही कमी होतो, आणि मग मोठं घर, मोकळी हवा वगैरे धरून उपनगर चांगलंच परवडतं. तीच दोन घरं, तेच भाडं, फरक फक्त किती जण शहरात जातात एवढाच.

वेळेला निम्मी किंमत का लावली? पूर्ण का नाही?

कारण वाचलेल्या प्रत्येक तासात आपण कमावणार नसतो. रस्ते-पूल बांधायचे की नाही याचा सरकारी हिशोब करतानाही वाचलेल्या वेळेला पैसे लावतात, अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या पद्धतीत तर स्थानिक खाजगी प्रवासाच्या तासाला तासाच्या उत्पन्नाच्या साधारण ५० टक्के धरतात. आपल्याला तो आकडा तसाच उचलायची सक्ती नाही. बसायला जागा मिळत असेल, वाचता येत असेल, झोप काढता येत असेल तर तिसरा हिस्सा लावा. गर्दीत उभं राहून किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी चालवत जायचं असेल तर पूर्ण लावा, त्या तासानंतर माणूस घरी येऊन कशाच्याच लायकीचा राहत नाही, घरातल्या लहान मुलाने काही दाखवायला आणलं तरी नंतर बघू म्हणतो. माझ्या हिशोबात मी हा तास पूर्ण किमतीने धरतो.

आणखी एक पद्धत आहे, मला जास्त पटते. पगाराला फक्त ऑफिसच्या तासांनी न भागता ऑफिस अधिक प्रवास अशा सगळ्या तासांनी भागायचं, आणि भागण्याआधी पगारातून प्रवासखर्च वजा करायचा. ८ तासांच्या कामाला ३ तासांचा प्रवास जोडला की त्याच पगाराचे ११ तास होतात, म्हणजे तासाचा दर २७ टक्क्यांनी खाली येतो, प्रवासखर्च वजा करायच्या आधीच. हा आकडा एकदा कागदावर बघितला की घराजवळची जरा कमी पगाराची नोकरी वेगळी दिसायला लागते.

रोज किती वेळ प्रवास करणं ठीक म्हणायचं?

१९७० च्या दशकात याकोव्ह झहावी या वाहतूक अभ्यासकाने दाखवलं होतं की वेगवेगळ्या शहरांतली माणसं सरासरीने दिवसाला साधारण तासभरच प्रवासाला देतात, आणि १९९४ मध्ये चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने तीच गोष्ट जुन्या काळापर्यंत मागे नेऊन मांडली, की पायी चालायच्या काळातली गावं साधारण तेवढ्याच वेळात ओलांडता येतील एवढी असायची आणि वाहनं वेगवान झाली तशी शहरं पसरली. वेळ तोच राहिला आणि अंतर वाढलं. सरासरी आहे ही, प्रत्येकाला लागू होईल असं नाही, पण जाऊन-येऊन तासभर हे माणसाला झेपणारं प्रमाण दिसतं एवढं त्यातून घेता येतं.

दिवसाला ३ तास प्रवास, महिन्याला २२ दिवस, म्हणजे महिन्याला ६६ तास. सुट्ट्या वगळून वर्षाचे ११ महिने धरले तरी ७२६ तास. ८ तासांच्या दिवसाने भागलं तर ९० दिवस. वर्षातले ९० कामाचे दिवस रस्त्यावर. मी हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा गुणाकार तपासला होता.

"सवय होते हळूहळू" असं सगळे म्हणतात, खरं आहे का?

रस्ता अंगवळणी पडतो हे खरं. पण ब्रूनो फ्रे आणि अलोइस स्टुट्झर या स्विस अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली आणि २००८ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांचा प्रवास लांबचा आहे ते आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. हिशोबाने बघितलं तर स्वस्त घर किंवा चांगला पगार त्या त्रासाची भरपाई करायला हवी होती, नाहीतर लोकांनी तो व्यवहार केलाच नसता. पण भरपाई पूर्ण होत नव्हती. मला वाटतं कारण साधं आहे, मोठं घर बघताना त्याचा आनंद लगेच कळतो आणि रोजचे दोन तास किती लागतील ते कागदावर कळत नाही. शिवाय मोठ्या घराची सवय लवकर होते, दोन महिन्यांत ते नेहमीचं घर होऊन जातं, उशिरा येणाऱ्या गाडीची मात्र तशी सवय होत नाही, ती रोज नव्याने उशिरा येते.

प्रवासाचा खर्च म्हणजे पास आणि पेट्रोल, अजून काय?

घरापासून स्टेशन किंवा स्टॉपपर्यंत जायचे पैसे, हे लोक हमखास विसरतात, आणि मुख्य प्रवास स्वस्त असला तरी हाच तुकडा महाग असतो. पार्किंग. उशीर झाला की टॅक्सी, महिन्यातून चार-पाच वेळा तरी होतंच. बाहेरचं खाणं, कारण घरी पोचेपर्यंत स्वयंपाक करायची ताकद उरलेली नसते, आमच्या वहीत हा खर्च उपनगरात गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांतच वाढला आणि आम्ही तो "बाहेरचं खाणं" म्हणून लिहीत होतो, खरं तर तो प्रवासाचाच खर्च होता.

गाडी घ्यावी लागेल का? तिचा खर्च कसा धरायचा?

शहरात गाडीशिवाय भागतं ते उपनगरात भागेलच असं नाही, आणि शहरात एक होती तिथे उपनगरात दोन लागू शकतात. खरं सांगायचं तर भाड्यातली बचत खाऊन टाकणारी सगळ्यात मोठी गोष्ट ही दुसरी गाडीच.

घर ते ऑफिस २५ किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन ५०, महिन्याला २२ दिवस, वर्षाचे १३,२०० किलोमीटर, फक्त ऑफिसचे. पेट्रोल डोळ्यांना दिसतं म्हणून आपण तेवढंच धरतो. पण इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग, कर्जाचं व्याज, आणि गाडीची दरवर्षी उतरणारी किंमत हे सगळं आहेच, आणि नव्या गाडीची किंमत पहिल्या एक-दोन वर्षांतच सगळ्यात जोरात उतरते. वर्षाचा हा सगळा खर्च एकत्र करून वर्षभरात चाललेल्या किलोमीटरनी भागा. जो दर येतो तो बहुतेकांना धक्का देतो, पेट्रोलच्या दराच्या तो बराच वर असतो. त्याच दराने मग "जरा जाऊन येतो" याचा हिशोब करून बघा.

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत भाडं चालतं म्हणतात, तो नियम पाळावा का?

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे म्हणून टिकलाय, पण त्यात प्रवास नाही, आणि म्हणूनच तो लांबच्या घराच्या बाजूने झुकलेला आहे. शिकागोमधल्या सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने घर आणि प्रवास एकत्र मोजायची पद्धत काढली, त्यात दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावं असं प्रमाण धरलंय, ३० घराचे आणि १५ प्रवासाचे. वरच्या उदाहरणात शहरात ३८ अधिक ५ म्हणजे ४३, उपनगरात २४ अधिक १३ म्हणजे ३७. नुसत्या ३० च्या नियमाने शहर नापास आणि उपनगर पास होतं, ४५ च्या नियमाने दोन्ही पास होतात, आणि मग निवड करायला मोकळीक मिळते. वेळ मात्र याही नियमात नाही, तो तुम्हालाच घालावा लागतो.

किराणा, भाजीपाला, दूध यात फरक पडतो का?

थोडा. दुकानाचं भाडं कमी असल्यामुळे काही गोष्टी उपनगरात स्वस्त मिळतात, पण नव्याने वसलेल्या भागात दुकानं मोजकी असतात, स्पर्धा नसते, मग दर चढे राहतात. पॅकबंद वस्तू सगळीकडे सारख्याच. या आकड्यासाठी घर बदलायचा निर्णय अडवून ठेवू नका.

इंटरनेटवरचे कॉस्ट ऑफ लिव्हिंग कॅल्क्युलेटर वापरावेत का?

दोन शहरांचा अंदाज घ्यायला ठीक आहेत, एका शहराची त्याच्याच उपनगराशी तुलना करायला फारसे कामाचे नाहीत. असे बरेच निर्देशांक एखादं शहर १०० मानून बाकीची त्याच्याशी मोजतात, न्यूमबिओ नावाचं संकेतस्थळ न्यूयॉर्कला १०० धरतं आणि तिथले दर वापरणाऱ्या लोकांनीच भरलेले असतात. तुमच्या उपनगरातून किती जणांनी दर भरले असतील याचा विचार करा. दुसरं म्हणजे निर्देशांक एका ठरावीक टोपलीवर चालतो, अमुक इतकं खाणं, अमुक इतका प्रवास, आणि ती टोपली तुमच्या घराची नसते. १८५७ मध्येच एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की उत्पन्न वाढतं तसा खाण्यावरच्या खर्चाचा हिस्सा कमी होत जातो, म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन घरांनाही महागाई वेगवेगळी लागते.

टक्के वाचतानाही जपून वाचा. "उपनगर शहरापेक्षा २० टक्के स्वस्त" आणि "शहर उपनगरापेक्षा २५ टक्के महाग" ही दोन्ही वाक्यं एकच गोष्ट सांगतात, शहर १०० असेल तर उपनगर ८०, आणि ८० वर २० म्हणजे २५ टक्के. जाहिरातीत यातलं कुठलं वाक्य वापरलंय ते बघा.

भाड्याने राहण्यापेक्षा उपनगरात घर विकत घेणं बरं नाही का?

भाडं आणि हप्ता समोरासमोर ठेवून लोक निर्णय घेतात, तेवढं पुरेसं नाही. ९ टक्के व्याजाने २० वर्षांचं कर्ज घेतलं तर एकूण परतफेड मुद्दलाच्या साधारण २.१६ पट होते, आणि पहिल्या हप्त्यातला ८३ टक्क्यांच्या आसपास भाग नुसता व्याजाचा असतो. म्हणजे पहिली काही वर्षं तुम्ही घरमालकाऐवजी बँकेला भाडंच देत असता. सोबत डाऊन पेमेंटचे पैसे अडकतात, त्यावर मिळालं असतं ते व्याज जातं, दुरुस्ती तुमची, कर तुमचा.

याचा अर्थ विकत घेऊ नका असा नाही. भाडं वर्षाला ५ टक्क्यांनी वाढलं तर १४ वर्षांत दुप्पट होतं आणि व्याजदर स्थिर असेल तर हप्ता तसाच राहतो, ही मोठी गोष्ट आहे. पण विकत घेतलं की तुम्ही जागेला बांधले जाता. भाड्याच्या घरात नोकरी बदलली की घर बदलता येतं, स्वतःच्या घरात नोकरी बदलली की प्रवास बदलतो. म्हणून माझा सल्ला असतो की ज्या उपनगरात घर घ्यायचंय तिथे आधी वर्षभर भाड्याने राहा. यात भाडं "वाया" जातं असं म्हणणारे असतील, पण चुकीच्या ठिकाणी २० वर्षं अडकण्यापेक्षा ते फार स्वस्त आहे.

नवीन रेल्वे किंवा मेट्रो येणार आहे, आत्ताच घर घेऊन टाकू का?

प्रवासाची वेळ कमी झाली की भाड्यातली सूटही कमी होते, वर सांगितलेलंच गणित. लंडनची मेट्रोपॉलिटन रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, जगातली पहिली भुयारी रेल्वे, पुढे ती शहराबाहेर पसरली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत कंपनी स्वतःच आपल्या मार्गालगतच्या जमिनीवर घरं बांधून घेऊ लागली, कारण रेल्वेमुळे वाढणारी किंमत आपल्याच खिशात यावी हे तिला कळत होतं. आजही जमीनवाले आणि बिल्डर हे जाणतात, त्यामुळे घोषणा झाली की किंमतीत मेट्रो शिरलेली असते, प्रत्यक्षात गाडी धावायला मात्र अजून बरीच वर्षं असतात. आज ज्या रस्त्याने जाता येतं त्याच्यावर हिशोब करा. गाडी वेळेत आली तर तो फायदा वरचा.

आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जायचंय, मग तर उपनगरच ना?

हो, बहुतेक वेळा. पाचऐवजी दोन दिवस म्हणजे प्रवासाचा वेळ ६० टक्क्यांनी कमी आणि सूट तेवढीच, म्हणजे तुम्ही त्या "इतरांपेक्षा कमी प्रवास" वाल्या गटात आलात. कोरोनानंतर लोकांनी हेच केलं, अर्जुन रमाणी आणि निकोलस ब्लूम यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या शहरांबद्दल दाखवलं की मागणी शहराच्या गाभ्यातून निघून कडेच्या कमी दाटीच्या भागांकडे सरकली, आणि त्याला त्यांनी डोनटचं नाव दिलं, मधे पोकळ आणि कडेला भरीव.

दोन गोष्टी मात्र बघा. महिन्याचा पास दोन दिवसांना परवडेलच असं नाही, रोजच्या तिकिटाने हिशोब करून बघा. आणि कंपनीने उद्या पाच दिवस बोलावलं तर काय, हे आधी ठरवून ठेवा. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने दोन दिवसांच्या भरवशावर लांब घर घेतलं आणि वर्षभरात पाच दिवस झाले, त्यांची फार ओढाताण झाली. दोन दिवसांचा आणि पाच दिवसांचा असे दोन हिशोब करा आणि पाच दिवसांचा कमीत कमी झेपण्यासारखा तरी असू द्या.

घर बदलायचा खर्च कसा धरायचा?

डिपॉझिटमधला फरक, एजंटची फी, सामान हलवायचा खर्च, नव्या घरात लागणारे पडदे, कपाटं, दिवे. मोठ्या घराला जास्त सामान लागतं आणि ते हळूहळू येतच राहतं. हा एकूण खर्च महिन्याच्या खऱ्या बचतीने भागा, भाड्यातल्या नाही, खऱ्या बचतीने. वरच्या उदाहरणात घर बदलायला ९० लागले आणि महिन्याला ६ वाचले तर १५ महिने नुसती भरपाई करण्यात जातात. ११ महिन्यांच्या करारावर गेलात आणि पुन्हा निघालात तर तोट्यात.

आमच्या घरात एकाला नोकरी सोडावी लागेल असं दिसतंय, ते धरायचं का?

हे धरलंच पाहिजे आणि सगळ्यात आधी धरलं पाहिजे. हा प्रश्न मला बायकाच विचारतात, पुरुषांपैकी आजपर्यंत एकानेही विचारलेला नाही. होतं असं की लांब गेल्यावर शाळेतून मुलाला आणायला पाच वाजता कोणीतरी हवं असतं, दोघंही शहरात असतात, मग काही महिने ओढाताण होते आणि मग "तिचा पगार तसाही कमी आहे" म्हणून ती नोकरी सोडते किंवा जवळ काहीतरी कमी पगाराचं बघते. भाड्यात वाचले १४ आणि उत्पन्नातून गेले ३५ किंवा ४०. पगारासोबत पुढची वाढ गेली, भविष्यनिर्वाह निधी गेला, आणि चार-पाच वर्षांनी परत नोकरी शोधताना आधीच्या पगाराच्या जवळपासही कोणी देत नाही.

हे घर बदलतानाच्या कुठल्याच हिशोबात लिहिलेलं नसतं, कारण तेव्हा कोणी ठरवलेलं नसतं, ते नंतर आपोआप "होतं". म्हणून आधीच बसून बोला. संध्याकाळी पाच ते आठ या वेळात घरी कोण असणार, मूल आजारी पडलं तर कोणाला लवकर निघता येईल आणि किती वेळात पोचता येईल. या दोन प्रश्नांना दोन्ही वेळा एकाच माणसाचं नाव येत असेल तर त्या घराची किंमत तो एक माणूस भरणार आहे, आणि मग घर निवडायचा पहिला अधिकारही त्याच माणसाला द्या.

मुलांच्या शाळेचं काय?

शाळा बदलणार की तीच ठेवणार हे आधी ठरवा. तीच ठेवली तर मुलाचा प्रवास वाढतो, आणि मुलाच्या वेळेला आपण शून्य किंमत लावतो कारण ते कमवत नाही. मुलाचा तास म्हणजे खेळ आणि झोप. मी त्याला मोठ्यांच्या तासापेक्षा जास्त किंमत देईन.

आई-वडील सोबत असतील तर?

त्यांना रोज शहरात जायचं नसतं म्हणून उपनगर स्वस्त पडतं आणि शांतही असतं, पण दवाखाना किती अंतरावर आहे आणि रात्री तिथे काय उघडं असतं ते स्वतः जाऊन बघा. आणि त्यांची माणसं. चाळीस वर्षं एका गल्लीत राहिलेल्या माणसाला नव्या ठिकाणी बोलायला कोणी नसेल तर ते दिवसभर टीव्हीसमोर बसतात. लिफ्ट आहे का आणि खाली बसायला जागा आहे का या दोन गोष्टी माझ्या आईसाठी भाड्याच्या फरकापेक्षा मोठ्या ठरल्या.

पाणी, कचरा, कर हे उपनगरात कमी असतात ना?

कर काही ठिकाणी कमी असतो, पण सोयीही त्याच प्रमाणात. पालिकेचं पाणी, रस्त्यावरचे दिवे, कचरा यातलं जे पालिका देत नाही ते सोसायटी विकत घेते आणि मेंटेनन्समधून वसूल करते. म्हणून नुसता कर न बघता सोसायटीचं मागच्या वर्षभराचं मेंटेनन्सचं बिल मागा. उन्हाळ्याच्या महिन्यांचं बिल खास करून बघा.

घर बघायला कधी जावं?

रविवारी दुपारी नको. तेव्हा कुठलंही घर शहरापासून "फक्त ४० मिनिटांवर" असतं. एका सोमवारी सकाळी तुमच्या ऑफिसच्या वेळेला त्या घरापासून ऑफिसला जाऊन बघा, आणि त्याच दिवशी संध्याकाळी परत या. परतीचा प्रवास जास्त खरं सांगतो कारण तेव्हा अंगात थकवा असतो. जमलं तर जोराच्या पावसात एकदा. घड्याळ लावून दारापासून दारापर्यंतचा वेळ लिहा, वाट बघण्याचा आणि चालण्याचा धरून. आम्ही हे केलं नव्हतं, ५० मिनिटं ऐकून गेलो आणि पहिल्याच आठवड्यात दारापासून दारापर्यंत ९५ मिनिटं निघाली.

सगळं मांडलं आणि दोन्हीकडचा आकडा जवळपास सारखाच आला, आता?

असं बऱ्याचदा येतं, आणि त्यात नवल नाही, भाडं आणि प्रवास एकमेकांना तोलून धरतात म्हणूनच शहर टिकतं. अशा वेळी मी तिसरा रस्ता शोधायला सांगतो: शहर आणि टोकाचं उपनगर यांच्या मधला एखादा जुना भाग, जिथे थेट गाडी मिळते आणि स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे, घर जरा जुनं आणि लहान. लोक एकदम केंद्रातून एकदम टोकाला जातात आणि मधली स्टेशनं बघतच नाहीत. आम्ही शेवटी तिथेच आलो, उपनगरातल्या घरापेक्षा एक खोली कमी, भाडं उपनगरापेक्षा थोडं जास्त, गाडी विकून टाकली, आणि दारापासून दारापर्यंत ३५ मिनिटं. संध्याकाळी सव्वासातला दोघंही घरी असतो.